परस्परप्रीतीचे माप: देवाची प्रीती आणि मराठी ख्रिस्ती मंडळी

प्रस्तावना

वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू ख्रिस्ताने शिष्यांना दिलेली आज्ञा योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात नोंदलेली आहे. तिचा आशय असा की, त्याने शिष्यांवर जशी प्रीती केली तशीच प्रीती त्यांनी एकमेकांवर करावी, आणि याच खुणेवरून ते त्याचे शिष्य आहेत हे सर्वांना कळावे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा यहुदी धर्मशास्त्रात, लेवीय या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात, कितीतरी आधीपासून होती. तेव्हा प्रीतीचा उपदेश त्या रात्री प्रथमच झाला असे नाही, तर प्रीतीचे माप त्या रात्री बदलले. माणूस स्वतःला जपतो तितके दुसऱ्याला जपावे, हे पूर्वीचे माप कठीण असले तरी माणसाच्या आवाक्यातले होते; ख्रिस्ताने जशी प्रीती केली तशी करावी, हे नवे माप मात्र माणसाच्या स्वभावात सापडत नाही, ते देवाच्या स्वभावातून घ्यावे लागते. ख्रिस्ती नीतिविचाराचा पाया या एका बदलावर उभा आहे आणि पुढील सर्व विवेचनाचा विषयही हाच आहे.

या आज्ञेतून दोन प्रश्न निघतात. देव अमर्याद आणि माणूस मर्यादित असताना देवाची प्रीती माणसाच्या प्रीतीचा आदर्श कशी होऊ शकते, हा पहिला प्रश्न. त्यावर धर्मशास्त्रज्ञांनी शतकानुशतके लिहिले आहे. आज्ञेतील ‘एकमेकांवर’ या अटीचे काय करावयाचे, हा दुसरा प्रश्न. तो पहिल्याच्या मानाने दुर्लक्षित राहिला. गरजूला मदत करणे, अनाथाला आसरा देणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे ही प्रीतीची कामे आहेत यात शंका नाही, पण त्यांत एक देणारा आणि एक घेणारा असे दोन पक्ष सहज कायमचे होऊन बसतात, तर आज्ञेने मागितलेली प्रीती दोन्ही बाजूंनी वाहणारी आहे. येथे मांडावयाचा सिद्धान्त असा की, देवाची प्रीती ज्याच्यावर होते त्याला ती केवळ घेणारा म्हणून ठेवत नाही, त्याला प्रीती करण्यास समर्थ करते; म्हणून जी ख्रिस्ती प्रीती दुसऱ्याला कायम याचकाच्या जागी बसवून ठेवते ती कितीही उदार असली तरी देवाच्या प्रीतीच्या नमुन्यास उतरत नाही. महाराष्ट्रातील, आणि विशेषतः नाशिक परिसरातील, ख्रिस्ती मंडळीचा इतिहास या दृष्टीने पाहिला तर त्यातील गौरवाच्या आणि उणिवेच्या दोन्ही जागा स्पष्ट दिसू लागतात.

नव्या करारात देवाच्या प्रीतीसाठी बहुधा ‘अगापे’ ही ग्रीक संज्ञा येते. स्वीडिश धर्मशास्त्रज्ञ आंदेर्स नीग्रेन यांनी 1930च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात अगापे ही वरून खाली येणारी, समोरच्याची लायकी न पाहणारी प्रीती आहे, आणि ‘एरोस’ म्हणजे सुंदर व श्रेष्ठ वस्तूच्या ओढीने खालून वर चढणारे प्रेम, असा काटेकोर भेद केला. नीग्रेन यांच्या मांडणीने एक गोष्ट कायमची ठसवली, ती म्हणजे देवाच्या प्रीतीचा पुढाकार. योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातील युक्तिवादही असाच आहे: माणसाने देवावर प्रीती केली येथून आरंभ होत नाही, देवाने आधी केली येथून होतो, आणि म्हणून ज्याच्यावर अशी प्रीती झाली त्याने भावाचा द्वेष करणे हे त्या प्रीतीलाच नाकारणे ठरते. तथापि हा भेद टोकाला नेला तर प्रीती म्हणजे केवळ देणे, घेणे म्हणजे कमीपणा, असा समज होतो; पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 2005 साली काढलेल्या आपल्या पहिल्या परिपत्रकात नेमके या ठिकाणी बोट ठेवले आणि केवळ देत राहणे माणसाला शक्य नाही, देणाऱ्याने घ्यावयासही हवे, असे प्रतिपादन केले.

घेण्याला कमीपणा का नाही, याचे उत्तर त्रैक्याच्या सिद्धान्तात आहे. त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती मिळून एकच देव आहे, ही ख्रिस्ती श्रद्धा. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो या नगराचा बिशप संत ऑगस्टिन याने पाचव्या शतकाच्या आरंभी त्रैक्यावर लिहिताना प्रीती करणारा, ज्याच्यावर प्रीती होते तो आणि स्वतः प्रीती, अशा तिहेरी रचनेतून हे गूढ समजावून घेण्याचा प्रयत्न केला. बाराव्या शतकात पॅरिस येथील संत व्हिक्टरच्या मठातील रिचर्ड याने आणखी पुढे जाऊन असे दाखविले की, परिपूर्ण प्रीती एकट्यात संभवत नाही आणि दोघांत बंदिस्तही राहत नाही, ती तिसऱ्याला सामावून घेते. या विचाराचा व्यवहाराशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण संबंध थेट आहे. पुत्र पित्याकडून सर्व काही घेतो आणि तरीही तो पित्यापेक्षा कमी नाही, ही श्रद्धा ज्यांची आहे त्यांना घेणाऱ्याला हलके लेखण्याचा अधिकार उरत नाही. देवाच्या ठायी देणे आणि घेणे ही दोन्ही सारखीच दैवी आहेत, आणि ख्रिस्ताने शिष्यांना या नात्यात बोलावले आहे.

आदर्शाची दुसरी बाजू खाली उतरण्याची आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल ख्रिस्ताने स्वतःला रिते केले व दासाचे रूप घेतले असे सांगतो. या रिते करण्याला धर्मशास्त्रात ‘केनोसिस’ म्हणतात. पौलाने हे विधान एखादा सिद्धान्त सिद्ध करण्यासाठी केलेले नाही, तर मंडळीतील लोकांनी तट व पोकळ अभिमान सोडून एकमेकांना स्वतःपेक्षा श्रेष्ठ मानावे यासाठी केले आहे. या रितेपणाचे प्रत्यक्ष दृश्य योहानाच्या तेराव्या अध्यायात, नवी आज्ञा येण्याच्या काही क्षण आधी, घडते. येशू जेवणावरून उठून कमरेला रुमाल बांधतो, घंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. ज्याने पुढे त्याला धरून दिले त्या यहूदाचे पायही त्यांत होते. पेत्र मात्र पाय पुढे करावयास तयार होत नाही. त्याच्या नकारात आदर आहे आणि संकोचही आहे, परंतु येशू तो नकार मान्य करीत नाही, कारण जो धुऊन घेत नाही त्याचा येशूशी वाटा राहत नाही. त्यानंतरच शिष्यांनी एकमेकांचे पाय धुवावे ही सूचना येते, म्हणजे आधी घेणे शिकावयाचे आणि मग देणे. पवित्र गुरुवारी अनेक मंडळ्यांत हा विधी आजही होतो; त्यात पाणी घालणारा जितका महत्त्वाचा तितकाच पाय पुढे करणारा महत्त्वाचा आहे.

पहिल्या शतकातील मंडळ्यांना हा धडा सहज गिरवता आला नाही, आणि नव्या कराराने ती उणीव झाकलेली नाही. करिंथ येथे प्रभुभोजनासाठी, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस वाटून घेण्यासाठी, लोक जमत, तेव्हा ज्यांच्याकडे होते ते आधी खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने यावर लिहिलेले शब्द त्याच्या पत्रांतील सर्वांत कडक शब्दांपैकी आहेत. यरुशलेमात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी सात जण नेमले, आणि त्या सातांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्या गटाची तक्रार होती त्याच गटाच्या हाती वाटप सोपविले गेले, असा अर्थ अनेक भाष्यकार लावतात. फिलेमोन या श्रीमंत गृहस्थाकडे त्याचा पळून गेलेला दास अनेसिम याला परत पाठविताना पौलाने त्याला दास म्हणून नव्हे, प्रिय भाऊ म्हणून स्वीकारावे, अशी विनंती केली. भाषा, पैसा आणि गुलामगिरी या तीन भिंतींपाशी त्या काळची परस्परप्रीती अडखळली व काही प्रमाणात त्यांना ओलांडूनही गेली. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस कार्थेज येथील तर्तुल्यान सांगतो की, ख्रिस्ती लोकांचे एकमेकांवरील प्रेम त्यांच्या विरोधकांच्याही नजरेत भरत असे.

महाराष्ट्रात या भिंतींच्या जागी जात उभी होती, तरी येथील भूमीला परस्परप्रीतीचा विचार परका नव्हता. ज्ञानेश्वरीच्या शेवटी येणाऱ्या पसायदानात जीवांची आपापसांत मैत्री व्हावी हे मागणे आहे, आणि वारकरी परंपरेने निदान नदीकाठच्या वाळवंटात व कीर्तनात जातीचे भान विसरावयास शिकविले होते. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण संत तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, ते या ऋणाची जाणीव ठेवूनच. तथापि वाळवंटावरची समता घरातल्या चुलीपर्यंत आणि पाण्याच्या घड्यापर्यंत पोचली नव्हती. एकोणिसाव्या शतकातील मराठी मंडळीने जेव्हा प्रभुभोजनात एकच प्याला हातोहात फिरविला, तेव्हा ज्या समाजात दुसऱ्याच्या हातचे पाणीही विटाळ मानले जाई तेथे तो प्याला धर्मविधी होता आणि प्रीतीची कसोटीही होता. अहमदनगर व नाशिक परिसरात ब्राह्मण घरांतून आलेले थोडे, महार व मांग समाजांतून आलेले बहुसंख्य, आणि इतर जातींतील काही, असे सर्व एका पंक्तीला बसले. त्यांतील कित्येकांना हे जड गेले, महार व मांग यांच्यातील अंतर मंडळीतही बराच काळ राहिले, आणि लग्नसंबंध जुळविताना ते काही ठिकाणी आजही डोके वर काढते. देवाच्या प्रीतीचा आदर्श पुढे असूनही असे घडले हे सांगितलेच पाहिजे, कारण आदर्शाची उंची आणि मंडळीचे चालणे यांतील अंतर लपविल्याने ते कमी होत नाही.

नाशिकमधील शरणपूरचा इतिहास या संदर्भात लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील मिशनचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या पुढाकाराने 1850च्या दशकाच्या मध्यास नाशिक शहराजवळ ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. धर्मांतरामुळे घरातून व गावातून तुटलेल्या लोकांना येथे राहावयास जागा, मुलांना शाळा आणि तरुणांना सुतारकी, लोहारकी यांसारखे हाताला काम देणारे शिक्षण मिळे. हिंदी महासागरात अरबी गुलामवाहू गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडविलेली आफ्रिकन मुलेही मुंबईमार्गे येथे आणली जात. मराठी मुले आणि पूर्व आफ्रिकेतील मुले एकाच आवारात वाढली, ही गोष्ट नाशिकच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही, पण देवाच्या प्रीतीला वंशाची मर्यादा नाही या शिकवणीचा तो मूर्त प्रयोग होता.

या प्रयोगाची परीक्षा नाशिकपासून फार दूर झाली. शोधक व धर्मप्रसारक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याने 1865 साली आपल्या अखेरच्या सफरीसाठी शरणपूर येथील नऊ तरुण बरोबर घेतले. त्यांतले सर्व अखेरपर्यंत टिकले नाहीत. 1872 साली त्याच्या मदतीसाठी जे पथक गेले त्यात शरणपूरचे आणखी काही तरुण होते, आणि त्यांपैकी एक जेकब वेनराइट. 1 मे 1873 रोजी आजच्या झांबियातील चितांबो या प्रमुखाच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला, तेव्हा त्याच्या सोबत्यांसमोर कोणीही वरिष्ठ नव्हता, वेतनाची खात्री नव्हती आणि तेथेच दफन करून आपापल्या वाटेने निघून जाण्यास कोणाची आडकाठी नव्हती. सुसी आणि चुमा या त्याच्या दोन जुन्या सोबत्यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी त्याचे हृदय एका झाडाखाली पुरले, जेकब वेनराइटने दफनविधीची प्रार्थना वाचली व झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली, आणि उन्हात वाळविलेला देह कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळून ते लोक महिनोन्‌महिने चालत हिंदी महासागराच्या किनाऱ्यापर्यंत आले. वाटेत काही जण आजारी पडले, काही मरण पावले. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत नाशिकच्या शाळेत शिकलेला जेकब वेनराइट होता.

या घटनेकडे सामान्यतः स्वामिनिष्ठेची कथा म्हणून पाहिले गेले, आणि त्या काळच्या इंग्रजी लेखनात ती तशीच रंगविली गेली. परंतु निष्ठावान सेवक हे वर्णन या माणसांना पुन्हा त्याच जागी नेऊन बसविते, जेथून प्रीतीने त्यांना वर काढावयाचे होते. ज्याला लहानपणी गुलामीतून सोडविले गेले, ज्याला अन्न व अक्षरे मिळाली, त्याने पुढे एका मेलेल्या माणसासाठी असे काही केले ज्याची परतफेड होणे शक्य नव्हते. घेणारा येथे देणारा झाला, आणि ज्या युरोपीय माणसाने आफ्रिकेला काही देण्याची आकांक्षा बाळगली तो आपल्या अखेरच्या प्रवासात पूर्णपणे घेणारा झाला. परस्परप्रीतीची आज्ञा येथे खऱ्या अर्थाने पुरी झालेली दिसते. 1874 नंतर प्राइस यांनीच मोंबासाजवळ, ब्रिटिश प्रशासक बार्टल फ्रियर यांच्या नावाने, फ्रियर टाउन ही सुटका झालेल्या गुलामांची वसाहत उभारली, तेव्हा शरणपूरला वाढलेले अनेक जण तेथे शिक्षक, कारागीर आणि धर्मशिक्षक म्हणून गेले, म्हणजे ज्यांना आसरा मिळाला होता तेच इतरांचा आसरा झाले. त्यांच्या पुढील आयुष्यात युरोपीय मिशनऱ्यांनी त्यांना बरोबरीची वागणूक नेहमीच दिली असे मात्र नाही, आणि त्या मिशनच्या इतिहासातील ही उणीव याच सिद्धान्ताने मोजावी लागते.

घराच्या चार भिंतींत हीच परीक्षा कशी होते याचे मराठीतील सर्वांत स्पष्ट उदाहरण टिळक दांपत्याचे आहे. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे सोवळ्याओवळ्याचा कडक दंडक असलेल्या घरात झाला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि पतीपत्नींची ताटातूट झाली. काही वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरला पतीकडे राहावयास आल्या तेव्हा त्यांनी आपला स्वयंपाक व पाणी वेगळे ठेवले, आणि ज्याने जात टाकली होती त्या पतीने पत्नीचे हे वेगळेपण बळाने मोडले नाही. टिळकांचा स्वभाव उतावळा व तापट होता हे ‘स्मृतिचित्रे’ या लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्राचा कोणताही वाचक जाणतो; म्हणूनच श्रद्धेच्या बाबतीत त्यांनी राखलेला संयम अधिक बोलका आहे. देव माणसाला ओढून नेत नाही, त्याच्या होकाराची वाट पाहतो, हा देवाच्या प्रीतीचा गुण येथे एका संसारात उतरला. 1900 साली राहुरी येथे लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. पुढे या दोघांच्या घरात निराधार मुलांना घरच्या मुलांसारखी जागा मिळाली. आणि 9 मे 1919 रोजी टिळक निवर्तले तेव्हा अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य ज्या पत्नीला कधी काळी पतीचा धर्म असह्य झाला होता तिनेच पुढे नेले. ज्याने आधी प्रीती केली त्याचे काम जिच्यावर प्रीती झाली तिने पुरे करावे, यापेक्षा परस्परतेचा अधिक सबळ पुरावा मराठी साहित्यात शोधून सापडणे कठीण आहे.

आयुष्याच्या अखेरच्या काळात, 1917 साली, टिळकांनी ‘देवाचा दरबार’ या नावाने जो बंधुसमाज उभारण्याचा प्रयत्न केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. हा प्रयत्न त्यांच्या मृत्यूनंतर फार काळ टिकला नाही, तरी त्यामागचे कारण विचारात घेण्यासारखे आहे: मिशनच्या पगारावर व आश्रयावर उभी असलेली मंडळी प्रौढ होत नाही, ती कायम घेणारी राहते, ही खंत त्यांना होती. ख्रिस्ती समाजसुधारक पंडिता रमाबाईंनी केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये हाच प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडविला. दुष्काळाच्या वर्षांत, 1896-97 आणि 1900 साली, त्यांनी शेकडो निराधार मुली व विधवा तेथे आणल्या, परंतु त्यांना केवळ पोसले नाही. शिवण, विणकाम, शेती, अध्यापन आणि छपाई या कामांत त्या स्त्रिया तयार झाल्या, आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर मुक्तीच्या छापखान्यात त्यांच्याच हातांनी छापून निघाले. उपाशी आलेल्या मुलींनी शास्त्राची पाने जुळवून महाराष्ट्राच्या हाती दिली, ही घटना दानधर्माच्या चौकटीत मावत नाही.

दुष्काळाचा उल्लेख आला की एका जुन्या आक्षेपाची दखल घ्यावी लागते, तो असा की लोक धान्यासाठी ख्रिस्ती झाले आणि मिशनची प्रीती ही त्यासाठीची लालूच होती. भुकेल्याला अन्न देणे हे प्रीतीचे काम आहे आणि ते देताना अट घालणे हे देवाच्या प्रीतीच्या विरुद्ध आहे. ज्या ठिकाणी अशी अट घातली गेली तेथे आक्षेप खरा ठरतो. पण ज्यांनी दुष्काळात आसरा घेतला त्यांच्या श्रद्धेला कायमचा संशयित ठरविणे हाही एक अन्यायच आहे, कारण त्यात गरिबाला मन असते व तोही विचारपूर्वक निवड करू शकतो हे नाकारले जाते. लालुचीच्या आक्षेपापुढे हेही ठेवावे लागते की, 1950च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशात ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्या यादीबाहेर ठेवले आहे, आणि पुढे 1956 साली शीख व 1990 साली बौद्ध धर्मीयांचा समावेश होऊनही ख्रिस्ती दलितांची स्थिती तशीच आहे. अशा परिस्थितीत मंडळीतील सुस्थित घरांनी परस्परप्रीतीचा अर्थ केवळ रविवारच्या हस्तांदोलनापुरता ठेवणे पुरेसे नाही; शिष्यवृत्ती, नोकरी, लग्नसंबंध आणि मंडळीच्या पंचमंडळातील स्थान या सर्व ठिकाणी तो अर्थ उतरावा लागतो.

नांदगाव तालुक्यासारख्या ठिकाणी या विषयाला वेगळेच वजन येते. हा तालुका अवर्षणप्रवण आहे आणि रेल्वेने घडविलेला आहे. मनमाडहून औरंगाबादकडे लोहमार्ग होण्यापूर्वी वेरूळकडे जाणारे प्रवासी नांदगाव स्थानकावर उतरून पुढे रस्त्याने जात. मनमाड हे मोठे जंक्शन झाल्यावर नोकरीच्या निमित्ताने नाना भाषांचे व नाना पंथांचे लोक तालुक्यात आले. अँग्लिकन पंथाचा नाशिक धर्मप्रांत 1929 साली स्थापन झाला, 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले, आणि 1987 साली नाशिक हे रोमन कॅथलिक धर्मप्रांत झाले. त्यांखेरीज अलीकडच्या काळात स्वतंत्र प्रार्थनामंडळ्याही वाढल्या आहेत. मोठ्या शहरात ज्याचे पटत नाही तो दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ शकतो. थोडक्या घरांच्या मंडळीत मात्र ज्याच्याशी बांधाचा किंवा पैशाचा वाद आहे त्याच्याच शेजारी प्रभुभोजनाला गुडघे टेकावे लागतात. म्हणून परस्परप्रीतीची आज्ञा लहान गावात अधिक कठोर होते आणि अधिक खरीही होते.

येथे आणखी एका शंकेचे निरसन व्हावयास हवे. ‘एकमेकांवर प्रीती करा’ ही आज्ञा मंडळीच्या आतल्या लोकांपुरती असेल, तर ती प्रीती संकुचित झाली असे काहींना वाटते, आणि योहानाच्या लेखनावर अभ्यासकांनी असा आक्षेप घेतलाही आहे. परंतु लूकाच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनी मनुष्याचा दृष्टान्त आणि वैऱ्यावर प्रीती करण्याचा डोंगरावरील उपदेश हे त्याच ख्रिस्ताचे आहेत. तेव्हा मंडळीतील परस्परप्रीती ही बाहेरच्यांना वगळण्यासाठी नसून प्रीतीचे शिक्षण घेण्याची पहिली जागा आहे, असेच म्हणावे लागते. दूरच्या अनोळखी माणसावर प्रीती करणे पुष्कळदा सोपे असते, कारण तो उलट काही मागत नाही आणि आपल्या चुका त्याला ठाऊक नसतात. जवळच्याला त्या ठाऊक असतात. त्याची क्षमा करावी लागते आणि त्याहून अवघड म्हणजे त्याच्याकडून क्षमा घ्यावी लागते. क्षमा घेता येणे हे पेत्राने पाय पुढे करण्याइतकेच कठीण आहे, आणि जो ते शिकला नाही त्याची बाहेरच्या जगातील सेवा लवकरच उपकाराच्या भाषेत बोलू लागते.

या अभ्यासाचा वाचक पाळक असो, मंडळीचा वडील असो, शाळेतील धर्मशिक्षिका असो किंवा ख्रिस्ती नसलेला जिज्ञासू असो, त्याने पुढील विवेचन वाचताना एक कसोटी हाती ठेवावी. मंडळीने केलेले कोणतेही प्रीतीचे काम पाहताना किती दिले गेले हे विचारून थांबू नये. ज्याला दिले गेले तो आता कोणत्या जागी आहे, त्याला बोलता येते का, निर्णयात त्याचा वाटा आहे का, आणि देणाऱ्यालाही त्याच्याकडून काही घेता आले का, हे विचारावे. देवाने माणसाला पाप्याच्या जागी ठेवून वरून कृपा टाकली नाही, त्याला पुत्राच्या जागी आणून मेजावर बसविले, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. ही श्रद्धा खरी मानणाऱ्या मंडळीला आपल्यातील कोणालाही मेजाच्या खालच्या टोकाला कायम बसवून ठेवता येणार नाही, आणि ज्या दिवशी नाशिक जिल्ह्यातील प्रत्येक मंडळी आपल्या पंक्तीकडे या दृष्टीने पाहील, त्या दिवसापासून शिष्यत्वाची ती खूण जगाला सांगावी लागणार नाही, दिसेल.

नांदगाव (जि. नाशिक)